देवळाला वजावट, घराला घरपट्टी : जुन्या वस्त्यांतील घरदुरुस्ती आणि करसवलतीचा प्रश्न

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या ८०-जी या कलमात अशी तरतूद आहे की, ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे स्थळ म्हणून, अथवा राज्यभर ख्याती असलेले उपासनास्थळ म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मंदिराच्या, मशिदीच्या, गुरुद्वाराच्या किंवा चर्चच्या दुरुस्तीसाठी करदात्याने देणगी दिली, तर त्या देणगीची निम्मी रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. या वजावटीला एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांशी निगडित मर्यादा आहे आणि नव्या करप्रणालीची निवड करणाऱ्याला ती मिळत नाही. तरीही तिच्यामागचे तत्त्व स्पष्ट आहे. जुन्या वास्तूची डागडुजी हे सार्वजनिक हिताचे काम आहे आणि त्यासाठी खर्च करणाऱ्याचा थोडा भार सरकारने उचलावा, हे ते तत्त्व. परंतु त्याच मंदिराच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत, शे-दीडशे वर्षांपूर्वी बांधलेल्या आपल्या राहत्या वाड्याची पडवी किंवा माळवद दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे तत्त्व लागू होत नाही. ज्या वस्तीमुळे देवळाला परिसर लाभतो, ती वस्ती करकायद्याच्या दृष्टीने निव्वळ खासगी मालमत्ता असते. काही देशांत हे अंतर भरून काढण्यासाठी ऐतिहासिक वस्त्यांतील घरमालकांना करसवलत दिली जाते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तशी सवलत कोणत्या रूपात उपयोगी पडेल, याचा विचार करताना त्या परदेशी नमुन्यांइतकेच येथील मातीचे, उत्पन्नाचे आणि घरपट्टीच्या हिशेबाचे ज्ञान आवश्यक ठरते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. जिल्ह्याचा वारसा म्हटला की प्रथम औंढ्याच्या नागनाथ मंदिराचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. बारा ज्योतिर्लिंगांत गणल्या जाणाऱ्या या देवालयाचा शिल्पांनी भरलेला खालचा भाग यादवकालीन असून वरचा भाग पुढच्या काळात पुन्हा बांधलेला आहे, म्हणजे हे मंदिर स्वतःच दुरुस्तीच्या दीर्घ इतिहासाचा पुरावा आहे. त्यानंतर संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे, महाराष्ट्राइतकेच पंजाबातील भाविकांनाही पूज्य असलेले नर्सी नामदेव आणि शिरड शहापूरचे मल्लिनाथ जैन मंदिर यांचा उल्लेख होतो. या यादीत घरे नसतात. वास्तविक हिंगोली शहराची जडणघडण निजामाच्या राज्यातील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या छावणीभोवती झाली असून रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावे तो इतिहास आजही सांगतात. वसमत आणि कळमनुरीच्या जुन्या पेठा, औंढ्याच्या देवळाभोवतीच्या गल्ल्या आणि अनेक गावांच्या गढीलगतची घरे यांचेही तसेच आहे. यांतील एखादे घर एकटे घेतले तर ते स्मारक ठरणार नाही, पण ती सर्व मिळून जी रचना निर्माण करतात तिला नगररचनेच्या परिभाषेत ‘वारसा परिसर’ म्हणतात. म्हणजे अशी वस्ती, जिच्यातील इमारतींची उंची, ओळ, साहित्य आणि रस्त्याशी असलेले नाते यांचा समुच्चय जपण्याजोगा आहे.

अशा घरांच्या दुरुस्तीचा खर्च समजून घेण्यासाठी त्यांची बांधणी पाहावी लागते. मराठवाड्यातील जुन्या घराचा सांगाडा लाकडी खांब, तुळया आणि त्यांच्यामधले खण यांचा असतो. बाहेरच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगड व मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असतात. दारातून आत शिरताच ढाळज, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी, धान्य साठवण्यासाठी बळद आणि उजेड व धूर यांच्यासाठी छतात ठेवलेले सवणे अशी मांडणी आढळते. छत सपाट, म्हणजे माळवदाचे. तुळयांवर लाकडी कड्या, त्यांवर पाट किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप असे त्याचे स्वरूप. ही माती उन्हाची धग आत येऊ देत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या घरात जो गारवा असतो, तो पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखाली कधीच मिळत नाही. मात्र या छताला दरवर्षी निगा लागते. मृगाच्या पावसापूर्वी माळवदावर नवी माती पसरून, तिला उतार देऊन आणि ठोकून, पन्हाळी मोकळ्या करणे हे काम जोवर घरातील माणसे व गावातील जाणकार मिळून करीत होते, तोवर त्याचा पैशातील खर्च नगण्य होता. आज ती माती खणण्याची जागा उरलेली नाही, काम जाणणारे गवंडी व सुतार थोडे आहेत, आणि दोन-तीन पावसाळे हयगय झाली की पाणी कड्यांत मुरते, वाळवी लागते, तुळईचे टोक भिंतीत कुजते आणि जे काम काही पाट्या मातीने भागले असते त्याला सागवानाचा नवा खांब लागतो. जुन्या घराची दुरुस्ती वेळेवर केली तर स्वस्त आणि उशिरा केली तर अशक्यप्राय महाग असते. म्हणूनच ती वेळेवर करण्यास उद्युक्त करणारी छोटी मदत ही पडझडीनंतरच्या मोठ्या मदतीपेक्षा अधिक मोलाची असते.

मदतीचे एक साधन म्हणजे कर. करामार्फत दिलेल्या सवलतीचे तीन प्रकार येथे वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला प्रकार वजावटीचा. यात खर्चाची रक्कम करपात्र उत्पन्नातून कमी होते, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ करदात्याच्या कराच्या दरावर अवलंबून राहतो आणि जास्त दराने कर भरणाऱ्या श्रीमंताला अधिक मिळतो. दुसरा प्रकार ‘टॅक्स क्रेडिट’चा, यात खर्चाचा ठरावीक हिस्सा थेट देय करातूनच कमी होतो, म्हणून एक लाख रुपयांच्या दुरुस्तीवर वीस टक्के क्रेडिट असेल तर कराचा दर काहीही असो, वीस हजार रुपयेच वाचतात. परंतु ज्याचा देय करच पाच हजार आहे त्याला उरलेले पंधरा हजार वापरता येत नाहीत. तिसरा प्रकार परताव्यासह क्रेडिटचा; यात न वापरलेली रक्कम सरकार रोख परत करते, आणि मग ती सवलत अनुदानाच्या अगदी जवळ जाते.

भारतीय प्राप्तिकरात घरदुरुस्तीसाठी जे आहे ते केवळ पहिल्या प्रकारचे आहे, आणि तेही तोकडे. घर भाड्याने दिलेले असेल तर, भरलेली घरपट्टी वजा केल्यानंतर उरणाऱ्या भाड्यातून तीस टक्के रक्कम सरसकट वजा होते. वर्षाला साठ हजार रुपये भाडे मिळवणाऱ्याने दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च केला नाही तरी त्याला सुमारे अठरा हजारांची वजावट मिळते, आणि त्याने दोन लाख खर्चून घर सावरले तरी तेवढीच मिळते. हिशेब सोपा करणे हा या नियमाचा हेतू असून त्या दृष्टीने तो समर्थनीय आहे, पण दुरुस्ती करणारा आणि न करणारा यांच्यात तो काडीचाही फरक करीत नाही. राहत्या घरासाठी कर्ज काढले असल्यास त्याच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते; मात्र नवे घर घेण्यासाठी अथवा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जावर ही मर्यादा वर्षाला दोन लाख रुपये असताना, दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जावर ती अवघी तीस हजार रुपये आहे, आणि दोन दशकांहून अधिक काळ ती तशीच राहिली आहे. दहा टक्के दराने तीन लाखांचे कर्ज घेतले की ही मर्यादा संपते, आणि वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यातून उपकर सोडून सहा हजार रुपये वाचतात. कर्जाच्या मुद्दलाच्या परतफेडीवर ८०-सी कलमाखाली मिळणारी वजावट तर केवळ खरेदी व बांधकाम यांना आहे. घर पूर्ण झाल्यानंतरचा बदल, नूतनीकरण व दुरुस्ती यांचा खर्च त्या कलमाने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, तरी जुन्या घराची दुरुस्ती ही स्वतंत्र बाब म्हणून त्यात आलेली नाही. कायद्याने नव्या घराला उत्तेजन द्यावे यात गैर काही नाही. पण उभे घर टिकवण्याला त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी महत्त्व द्यावे, हा निर्णय कोणी जाणीवपूर्वक घेतला असेल असे वाटत नाही, आणि म्हणूनच तो बदलण्याची मागणी करण्यास जागा आहे.

या प्रकारच्या सवलतींचा सर्वांत विस्तृत अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो. तेथे दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये वस्तीच्या एका भागाला ऐतिहासिक म्हणून कायद्याचे संरक्षण दिले, १९६६ मध्ये ऐतिहासिक वास्तुजतनाचा राष्ट्रीय कायदा झाला, आणि १९७६ मध्ये प्रथमच करकायद्याने अशा इमारतींच्या पुनर्वसनाला सवलत दिली. त्यापूर्वीचा करकायदा नव्या बांधकामाच्या बाजूने झुकलेला होता, हीच त्या बदलामागची तक्रार होती. १९८६ पासून केंद्रीय क्रेडिटचा दर पात्र खर्चाच्या वीस टक्के आहे आणि २०१७ च्या कायद्यानंतर ते पाच वर्षांत विभागून घ्यावे लागते. पण हे केंद्रीय क्रेडिट उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी, म्हणजे दुकाने, कार्यालये, हॉटेले, भाड्याची घरे यांच्यासाठीच आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराला ते मिळत नाही. ही उणीव काही राज्यांनी आपापल्या करातून भरून काढली. मेरीलँडमध्ये किमान पाच हजार डॉलर खर्च करणाऱ्या घरमालकाला वीस टक्के क्रेडिट मिळते. मिसुरीतही असे क्रेडिट आहे. न्यूयॉर्क राज्याची रचना विशेष अभ्यासण्याजोगी आहे, कारण तेथे घर ऐतिहासिक परिसरात असणे पुरेसे नसून ते मध्यम किंवा कमी उत्पन्नाच्या वस्तीतही असावे लागते, आणि ज्या कुटुंबाचे उत्पन्न साठ हजार डॉलरपेक्षा जास्त नाही त्याला न वापरलेले क्रेडिट रोख परत मिळते. राज्यांच्या या योजनांत काम सुरू होण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते आणि मूळ रूप, साहित्य व कारागिरी शक्य तेवढी राखावी, बदलण्यापेक्षा दुरुस्त करावे, अशा लिखित निकषांवर ते काम तपासले जाते.

युरोपातील दोन उदाहरणे येथे थोडक्यात पुरेशी आहेत. फ्रान्समध्ये लेखक व तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६२ च्या कायद्याने संपूर्ण जुन्या वस्त्यांना संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला आणि तेथील इमारतींच्या पुनरुज्जीवनाला करसवलतीची जोड पुढे मिळाली. याउलट ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य आणि जुन्या घराच्या दुरुस्तीवर सर्वसाधारणपणे वीस टक्के, अशी स्थिती आहे; यादीतील ऐतिहासिक इमारतींमध्ये परवानगीने केलेल्या बदलांना असलेला शून्य दरही १ ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेण्यात आला.

अमेरिकी नमुना जसाच्या तसा हिंगोलीत आणला तर त्याचा लाभ कोणाला होईल, हा प्रश्न निर्णायक आहे. जिल्हा प्रामुख्याने शेतीवर जगणारा आहे आणि शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. नोकरदार आणि व्यापारी यांच्यापैकीही बहुतेकांना, २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. ज्याला कर नाही त्याला वजावटही नाही आणि क्रेडिटही नाही. परताव्यासह क्रेडिट दिले तरी त्यासाठी विवरणपत्र भरणे, खर्चाच्या पावत्या जोडणे हे सर्व आले, आणि माळवदावर माती टाकणारा मजूर किंवा खांबाला आधार देणारा सुतार पावती देत नाही. त्यामुळे जुन्या पेठेतील ज्या वाड्यात एखादी वृद्ध विधवा एकटी राहते आणि मुले पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात आहेत, त्या वाड्यापर्यंत प्राप्तिकराची सवलत पोहोचणे कठीण आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्या मुलाला मात्र ती उपयोगी पडू शकते. गावातील वडिलोपार्जित घराच्या दुरुस्तीचा खर्च जर त्याच्या देय करातून काही अंशी वजा झाला, तर वर्षानुवर्षे कुलूपबंद राहणारी अनेक घरे उघडली जातील. प्राप्तिकरातील क्रेडिटची मागणी करायची तर ती या स्थलांतरित वारसांसाठी करावी. गावातच राहणाऱ्यांसाठी दुसरे साधन हवे.

ते साधन घरपट्टी हेच आहे, कारण हा एक कर असा आहे की जो जुन्या घराचा प्रत्येक मालक, श्रीमंत असो वा गरीब, भरतो. घरपट्टीची आकारणी दोन प्रकारे होते. नगरपरिषदा व नगरपंचायतींमध्ये पारंपरिक पद्धत वार्षिक भाडेमूल्याची आहे: ते घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे मिळेल याचा अंदाज करायचा, त्यातून दुरुस्तीपोटी सरसकट दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर ठरावीक दराने कर लावायचा. येथेही प्राप्तिकरातील तीस टक्क्यांचाच प्रकार आहे. दुरुस्तीचे नाव आहे, पण प्रत्यक्ष दुरुस्तीशी संबंध नाही. ग्रामपंचायतींमध्ये २०१५ च्या अखेरीस नियमांत बदल होऊन भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. तिच्यात जमीन व बांधकाम यांचे मूल्य, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व त्यानुसारचा घसारा, आणि वापर यांचा विचार होतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घर मातीचे आहे, दगड-विटांचे आहे की आरसीसीचे, याची नोंद असते. या पद्धतीत जुन्या मातीच्या घराला कर कमी लागतो, हे न्याय्यच आहे. परंतु पुनर्आकारणीच्या वेळी नीट दुरुस्त केलेले, गिलावा केलेले, नवी फरशी बसवलेले घर अधिक मूल्याचे धरले जाण्याची धास्ती मालकाला असते, आणि त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याचा कर वाढतो व पडझड होऊ देणाऱ्याचा वाढत नाही, असा उलटा परिणाम संभवतो. यावर सरळ उपाय असा की, ऐतिहासिक वस्ती म्हणून आखलेल्या भागात मूळ साहित्यात केलेल्या दुरुस्तीमुळे निदान दहा वर्षे आकारणी वाढणार नाही, अशी हमी नियमातच द्यावी, आणि प्रमाणित दुरुस्ती करणाऱ्याला काही वर्षे घरपट्टीत सूट द्यावी.

अशी सूट देण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. पुणे महानगरपालिकेत स्वतः राहणाऱ्या घरमालकांना करपात्र मूल्यात चाळीस टक्के सवलत १९७० पासून दिली जात होती. मध्यंतरी ती थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचे संकलन व गांडूळखत प्रकल्प राबवणाऱ्यांनाही पुण्यात मिळकतकरात सूट मिळते. माजी सैनिकांच्या घरांना स्थानिक मालमत्ता करातून सूट देण्याची योजना राज्याने २०२० मध्ये आणली. पाणी अडवणाऱ्या छताला सूट देणारी व्यवस्था, शतकभर ऊन अडवत आलेल्या छताला सूट देऊ शकत नाही असे मानण्याचे कारण नाही. अडचण आहे ती पैशाची. मोठ्या महानगरपालिकेला जी सवलत पेलते ती औंढा नागनाथच्या नगरपंचायतीला किंवा नर्सीच्या ग्रामपंचायतीला पेलत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा भाग घरपट्टी आणि पाणीपट्टी यांतून येतो. म्हणून सूट स्थानिक संस्थेने द्यावी आणि तिची भरपाई राज्याने करावी, असे झाले तरच ती टिकेल. शिवाय मातीच्या घराची घरपट्टी मुळातच थोडी असते, त्यामुळे संपूर्ण सूट दिली तरी त्या रकमेतून तुळई बदलत नाही. करातील सूट ही नोंदणीला व वेळेवरच्या किरकोळ निगेला उत्तेजन देईल. मोठ्या कामाला रोख साहाय्य लागेल, आणि दोन्ही एकाच अर्जावर मिळाली पाहिजेत.

मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली करून देशात पहिले पाऊल टाकले, आणि त्या नियमावलीतील प्रमुख उत्तेजन कराचे नसून हस्तांतरणीय विकास हक्कांचे आहे. वारसा वास्तूच्या मालकाला आपल्या भूखंडावर जेवढे बांधकाम एरवी करता आले असते तेवढ्या बांधकामाचा हक्क कागदोपत्री दिला जातो, तो हक्क तो दुसऱ्या विकासकाला विकतो आणि विकासक तो शहराच्या दुसऱ्या भागात वापरतो. म्हणजे वास्तू राहते आणि मालकाचे नुकसानही भरून निघते. जागेच्या किमती गगनाला भिडलेल्या शहरात ही योजना बुद्धिमान आहे. हिंगोलीसारख्या ठिकाणी मात्र असा हक्क विकत घेणारा सापडणे अवघड, कारण तेथे उंच बांधण्याची गरज आणि त्या उंचीला मिळणारी किंमत दोन्ही मर्यादित आहेत. मुंबईच्याच नियमावलीत वारसा इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी ठेवण्याची कल्पना आहे. छोट्या गावांना त्या नियमावलीतून काही घ्यायचे असेल तर ते हे कलम घ्यावे.

संरक्षक कायदे आजवर मुख्यतः मनाईच्या भाषेत बोलत आले आहेत. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर हे प्रतिषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते. २०१० च्या दुरुस्तीनंतर, १६ जून १९९२ पूर्वीपासून प्रतिषिद्ध क्षेत्रात उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीचा भार मालकावर टाकताना त्याच्या मोबदल्यात त्याला काही द्यावे, हा विचार कायद्यात आलेला नाही. दुसरीकडे, पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी झालेली वस्तू ‘पुरावशेष’ या व्याख्येत येऊ शकते. जुन्या वाड्याची कोरीव चौकट किंवा नक्षीचा खांब वाड्यात असतो तोवर नमुना आठमधील एका ओळीखेरीज कोठेही नोंदला जात नाही, आणि वाडा पाडून लाकूड विकायला काढले की त्याला बाजारात भाव येतो. जुने सागवान विकून नव्या घराचा पाया घालता येतो, हे प्रत्येक मालक जाणतो. दुरुस्तीची कोणतीही सवलत ठरवताना या मोहाची किंमत हिशेबात धरली पाहिजे. गृहनिर्माण योजनांचाही कल त्याच बाजूला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात कच्च्या भिंतींच्या व कच्च्या छताच्या छोट्या घरात राहणाऱ्या पात्र कुटुंबाला सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये मिळतात ते नवे पक्के घर बांधण्यासाठी. ज्यांच्या डोक्यावर सुरक्षित छप्पर नाही त्यांच्यासाठी ही योजना वरदान आहे, पण चांगल्या स्थितीतील मातीचे घर सुधारून घेणाऱ्यासाठी तिच्यात मार्ग नाही.

मातीच्या आणि दगडाच्या घरांविषयीची भीती मराठवाड्यात निराधार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेली माळवदे कोसळल्यामुळे. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात नवी गावे वसवण्याबरोबरच लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती, पुनर्बांधणी व मजबुतीकरणासाठी मालकांना टप्प्याटप्प्याने रक्कम देण्याची तरतूद होती. महाराष्ट्रात राहत्या जुन्या घरांसाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैसा दिला जाण्याचे दुसरे उदाहरण सापडत नाही. त्याचा धडा मात्र गंभीर आहे: ज्यांना निवड होती त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी त्या रकमेत शेजारी एक नवी खोली बांधली. कारण जुने घर सुरक्षित करता येते यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि तो बसावा असे दाखवणारे घर गावात उभे नव्हते.

हिंगोलीच्या बाबतीत हा धडा जुना झालेला नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत अनेक वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज व हादरे जाणवत आले आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि त्याच वर्षी १० जुलैला जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. त्यामुळे येथे ऐतिहासिक घराच्या दुरुस्तीला सवलत द्यायची तर ती केवळ दर्शनी भाग सुशोभित करण्यासाठी देणे हा मालकाच्या जिवाशी खेळ ठरेल. माळवदावरील साचलेली जादा माती उतरवणे, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बसवणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरप्या लाकडी आधारांनी आवळणे, भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा देणे, ही कामे भारतीय मानक संस्थेने मातीच्या व कमी मजबुतीच्या दगडी इमारतींसाठी १९९३ मध्येच प्रसिद्ध केलेल्या मानकांशी सुसंगत आहेत आणि त्यांनी घराचे रूपही बिघडत नाही. सवलतीची पहिली अट मजबुतीकरणाची असावी, आणि सिमेंटचा घट्ट गिलावा देऊन मातीच्या भिंतीतील ओल आत कोंडणारे काम तिच्यातून वगळावे. ही तपासणी करणारा अभियंता माती, चुना व लाकूड जाणणारा असणे, हे कर माफ करण्यापेक्षाही अवघड काम आहे, कारण अभियांत्रिकीच्या नेहमीच्या शिक्षणात या साहित्याला फारच थोडी जागा असते.

आणखी दोन अडथळे मालकीचे आहेत. पहिला भाड्याचा: मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा लागू होता, आणि ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. या नियंत्रणाखालील जुन्या भाडेकरूंचे भाडे इतके कमी असते की मालकाला दुरुस्तीत रस उरत नाही. अशा घरात सवलत मालकाला न देता, खर्च करणाऱ्या भाडेकरूला मिळू शकेल अशी सोय हवी. दुसरा अडथळा वाटण्यांचा. तीन पिढ्यांनंतर एका वाड्यात आठ-दहा हिस्सेदार असतात, ओसरी एकाची, बळद दुसऱ्याची आणि चौक सर्वांचा असतो, आणि वरचे माळवद सामाईक असल्याने ते कोणीच दुरुस्त करीत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. त्या पत्रकावर घराच्या वयाची आणि बांधणीच्या प्रकाराची नोंद घेतली, तर वारसा वस्त्यांची यादी करण्याचे निम्मे काम वेगळा खर्च न करता होईल. आणि सामाईक छतासाठीचा अर्ज हिस्सेदारांपैकी बहुसंख्यांच्या सहीने स्वीकारण्याची मुभा दिली, तर परदेशी किंवा परगावी असलेल्या एका भावाच्या संमतीअभावी सगळा वाडा अडून राहणार नाही.

शेवटी वेळापत्रकाचा विचार उरतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर माळवदाचे काम वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच होऊ शकते. त्याआधी रब्बीची सुगी असते आणि त्यानंतर पाऊस. मंजुरीचे अर्ज दिवाळीनंतर घेतले, पाहणी थंडीत उरकली आणि पहिला हप्ता एप्रिलच्या आरंभी दिला, तरच सुतार आणि गवंडी ठरवता येतात. उरलेली रक्कम व घरपट्टीतील सूट यांचा निर्णय पहिला पावसाळा उलटून गेल्यावर, ऑक्टोबरात, छत गळले की नाही हे पाहून करावा.